उजव्या कोपऱ्यातलं डबकं

११ जानेवारी

भाऊ,

हे पत्र फक्त कोर्टाबद्दल आहे, तेव्हा न वाचता फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. चौदा महिन्यांत मी तुला एक शब्द लिहिला नाही आणि आताही लिहिला नसता, पण परसातल्या पिकलबॉलच्या कोर्टाचं काँक्रीट तू ओतलंस, रंगाचे थर तू दिलेस, त्यामुळे त्याचं दुखणं तुलाच विचारावं लागणार. मला शिवणातलं कळतं, सिमेंटातलं नाही.

तर दुखणं असं आहे. टाकीकडच्या उजव्या कोपऱ्यात पाणी साठतं. घराच्या पायरीवर उभं राहून पाहिलं की जो उजवा, तो. आधी बशीएवढं होतं, आता परातीएवढं झालंय. बाकीचं कोर्ट धुतल्यावर अर्ध्या तासात कोरडं होतं आणि हे मात्र दुपारपर्यंत आभाळ दाखवत बसतं. आठवडाभर मी रोज त्याच्याकडे बघतेय. आता मला राग येत नाही, नुसतं नवल वाटतं. एवढ्या सपाट जमिनीवर पाण्याला नेमकी तीच जागा कशी सापडली?

बाकीची निगा मी सोडलेली नाही. दर सोमवारी कडक झाडूने झाडते. टाकीच्या सावलीत शेवाळ धरतं, ते साबणाच्या पाण्याने घासते. जाळी मध्ये चौतीस इंच आणि खांबांपाशी छत्तीस, हे मी विसरलेले नाही. जाळीलाही कंबर असते हे मला फार आवडलं होतं, तेव्हा तू हसला होतास.

खेळायला शेजारचे दातवाले डॉक्टर येतात, त्यांची बायको येते, आणखी दोघं-चौघं येतात. रविवारी तुझी जागा कुणीतरी भरून काढतं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण डबकं तुझं आहे एवढं लक्षात ठेव.

ताई

२० जानेवारी

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. "नळीने पूर्ण भिजव. एक तास थांब. डबक्यात नाणं ठेव. नाणं बुडलं तर भराव घालावा लागेल. नाही बुडलं तर सोडून दे." सरकारी नोटीससुद्धा याहून जिव्हाळ्याची असते. तरी अक्षर तुझंच होतं, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. दोनदा वाचलं.

पण बाबा रे, नाणं कोणतं? वजनमापं तपासण्यात ज्याची अख्खी नोकरी गेली, त्याने नुसतं "नाणं" लिहावं? घरात होती तेवढी सगळी नाणी काढली, जाड, बारीक, मधलं, आणि तिन्ही ओळीने पाण्यात ठेवली. मग पायरीवर घड्याळ घेऊन बसले. तासभर काही न करता नुसतं पाण्याकडे बघणं मला जन्मात जमलं नव्हतं, पण वेळ कसा गेला कळलं नाही. आधी मधलं कोर्ट फिकट झालं, मग कडा, मग रेघा. पाणी हळूहळू मागे सरत उजव्या कोपऱ्यात गोळा झालं. तिन्ही नाणी बुडालेली. जाड नाण्यावरही पाण्याचा पातळ पापुद्रा होता, बोट लावून पाहिलं.

म्हणून मार्किंगचा खडू आणला आणि पाण्याच्या काठाकाठाने रेघ ओढली. शर्टाच्या बाहीचा मुंढा आखतात तसा आकार निघाला. तो बघून डॉक्टर म्हणाले, "ताई, हे वरून कळायचं नाही. मी ठोकून बघतो." बॅटच्या मुठीने त्यांनी टकटक करत सगळा कोपरा फिरून पाहिला. पेशंटच्या दाढेला ठोकतात तस्सं, मान तिरकी करून. इतर ठिकाणी टणक आवाज येतो आणि डबक्याखाली बद्द. "आत पोकळी आहे," म्हणाले. चेहऱ्यावर इतकं समाधान, की आता भूल देऊन खणायलाच बसतील असं वाटलं.

काँक्रीटच्या खाली पोकळी कशी होते? जमीन जाते कुठे? लिहून कळव. नाणं कोणतं तेही कळव.

ताई

२९ जानेवारी

बारक्या,

मायन्यात बारक्या लिहून गेले, आता खोडत नाही. साठीला आलास म्हणून कुणी मोठं होत नाही.

"कोणतंही नाणं चालतं, खोली महत्त्वाची. छपराची पन्हळ कुठे सोडलीय ते बघ." या वेळी दोनच वाक्यं. प्रगती आहे.

पन्हळ पाहिली. तुझं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. मागच्या वर्षी छपराच्या नळीचा खालचा तुकडा निखळला होता, तो मीच कसाबसा बांधला आणि तोंड नेमकं टाकीच्या मागे वळवून ठेवलं. छपराचं सगळं पाणी वर्षभर कोपऱ्याखालची माती धुऊन नेत होतं. म्हणजे डबकं तुझं नव्हे, माझं. पहिल्या पत्रात खापर तुझ्यावर फोडलं होतं, ते परत घेते.

नळी आता गटाराकडे वळवली. रंगारी येऊन पाहून गेला. कोपऱ्याला भोक पाडून आत पातळ सिमेंट सोडू, वरून भराव घालू आणि मग सगळ्या कोर्टावर रंगाचे दोन थर देऊ, म्हणाला. त्याने डबक्याची जागा कागदावर मागितली, कडेपासून किती, मधल्या रेघेपासून किती. म्हणून मी माझा टेप घेऊन मोजायला बसले.

आकडे जुळले नाहीत. मधल्या रेघेपासून डबक्याचा मध्य आणि तिथून बाहेरची रेघ, दोन्ही मिळून दहा फूट व्हायला हवेत. माझे जास्त भरतात. टेप जुना आहे, कापडी आहे, चाळीस वर्षांत आकसला असणार. दुसरं काय असायचं? मी आकसले तर टेपचं काय घेऊन बसलास.

तुझ्याकडे तो स्टीलचा टेप अजून आहे का, पिवळ्या डब्यातला? सहज विचारते.

ताई

७ फेब्रुवारी

बारक्या,

सगळं छान चाललंय. रंगाऱ्याने निळा आणि हिरवा असे दोन नमुने दाखवले. डॉक्टर हिरवा म्हणतात, त्यांची बायको निळा म्हणते. त्यांच्या घरातही हेच चालत असणार. मी निळा घेतला, निळ्यावर पिवळा चेंडू चांगला दिसतो. जाळीची वरची पट्टी उसवली होती, ती काढून दुहेरी शिवण घातली. आता जाळी फाटेल पण पट्टी सुटणार नाही.

सिमेंट सोडून झालं. डॉक्टरांनी परत ठोकून बघितलं, आता टणक वाजतंय. "रूट कॅनाल यशस्वी," म्हणाले.

परवा बाजारात तुझी बायको भेटली. तू मार्चअखेर निवृत्त होतोयस असं म्हणाली. एवढंच म्हणाली, मग भाजीकडे बघत राहिली. मीही भाजीकडे बघत राहिले. आम्ही दोघींनी एकाच कोबीकडे किती वेळ बघितलं असेल कुणास ठाऊक.

टेपचं कळवायचं राहिलं. डॉक्टरांकडे स्टीलचा टेप निघाला. बाकी काही विशेष नाही. रंगारी पंधरा दिवसांनी येतोय. सगळं नवं करून टाकणार, रेघांसकट.

ताई

१५ फेब्रुवारी

बारक्या,

मागच्या पत्रात बाकी काही विशेष नाही असं लिहिलं ते खोटं होतं. विशेष होतं. आठ दिवस ते मी पोटात ठेवलं, आता लिहून टाकते.

डॉक्टरांचा टेप मी त्यांच्या देखत वापरला नाही. ते दवाखान्यात गेल्यावर एकटी कोर्टावर गेले. टाकीच्या टोकाला मधल्या रेघेपासून डावीकडे मोजलं, दहा फूट बरोबर. उजवीकडे मोजलं, दहा फूट दीड इंच. टेप गुंडाळला, परत उघडला, परत मोजलं. दहा फूट दीड इंच. मग घराकडच्या टोकाला मोजलं. तिथे दोन्हीकडे दहाच्या दहा. म्हणजे उजवी रेघ घरापासून सरळ निघते आणि टाकीकडे जाता जाता बाहेर सरकते. चव्वेचाळीस फुटांत दीड इंच. डोळ्याला कुणाच्या दिसणार? एक तूच असा, की तुला दिसलं.

मला आधी पटेना. चूक झाली तर कशी झाली हे कळल्याशिवाय ती चूक आहे असं मानायला मी तयार नव्हते. दोन दिवस मी त्या कोपऱ्यात ओणवी होऊन आठवत होते. तुला आठवतं का, रेघा आखायच्या दिवशी घराकडचं टोक तू सकाळी तुझ्या टेपने आखलंस आणि तुला ऑफिसातून बोलावणं आलं. तू म्हणालास, "बाकीचं मी संध्याकाळी करतो, ताई." मला कुठला धीर. माझा टेप गळ्यात होताच. मी टाकीकडचं टोक आखून टाकलं आणि दोरी ताणून मोकळी झाले.

शेवटी हाताने आठवण करून दिली. डोकं विसरलं होतं, हात विसरला नव्हता. खडू घेऊन मी त्या दिवशीसारखीच खाली बसले आणि मनात काही न आणता आखायला लागले. मधली खूण केली. डावीकडे दहा फूट मोजले. परत मधल्या खुणेवर आले आणि बघते तर हात मधल्या खुणेच्या पुढे दीड इंच सोडून तिथून मोजायला लागलेला! चाळीस वर्षं मी शाळेचे शर्ट बेतले, बारक्या. पुढचे दोन भाग, मध्यापासून मोजायचे, आणि एका भागाला दीड इंच जास्त सोडायचा. का सोडायचा? बटणपट्टीसाठी!

मी कोर्टाला बटणपट्टी ठेवली.

हे कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. टाकीवरचा कावळा उडाला. आणि हसता हसता त्या रविवारवर येऊन थांबले, मग हसू गेलं.

तो रविवार तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवा. आपल्या आजवरच्या खेळातला सगळ्यात अटीतटीचा डाव. एका बाजूला मी आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तू आणि तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाई, ज्यांना तू पहिल्यांदाच घरी आणलं होतंस. मी चेंडू मारला, तो टाकीकडच्या उजव्या कोपऱ्यात रेघेवर पडला. तू म्हणालास, "बाहेर." डॉक्टर म्हणाले, "रेघेवर होता." तुझ्या बाईसुद्धा म्हणाल्या, "रेघेवरच पडला हो." रेघेला लागला म्हणजे आत, हा नियम मला तूच शिकवला होतास. तू म्हणालास, "ताई, रेघच चुकलीय असं मला बरेच दिवस वाटतंय. आज मोजू या." बरेच दिवस वाटत होतं तर शेवटच्या गुणालाच बोलायचं? चुकीच्या वेळी खरं बोलायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. पण खरं तू बोललास.

मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. आधी म्हणाले, "चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय, तू मला माप शिकवणार?" एवढ्यावर थांबले असते तर भागलं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "दुकानादुकानातही असाच सोयीने डोळा झाकत असशील. उगाच का व्यापारी तुला बसवून चहा पाजतात." तुझ्या बाईंच्या समोर म्हणाले. ज्यांच्या हातात तुझी फाईल, त्यांच्या समोर.

बारक्या, तू कुणाच्या दुकानात चहा पीत नाहीस हे मला माहीत होतं. तपासणीला जाताना तू स्वतःचा थर्मास नेतोस. तो थर्मास ज्या पिशवीत असतो ती पिशवी मी शिवलेली आहे. तरी मी ते बोलले, कारण मला तो गुण हवा होता. तू बॅट खांबाला टेकवून ठेवलीस, पिशवी उचललीस आणि गेलास. चिडला असतास, भांडला असतास, तर मला सोपं गेलं असतं.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट मला आत्ता आत्ता कळली. रेघा आखल्या त्या संध्याकाळी तू परत आलास तेव्हा टेप तुझ्या खिशात होता. किराणा दुकानातलं किलोचं वजनसुद्धा तू हातात घेऊन बघितल्याशिवाय राहत नाहीस. पण तू कोर्टाभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "ताईने मोजलंय ना, झालं तर मग." आयुष्यात तू न तपासलेलं एकच माप असेल, आणि ते माझं.

रेघेच्या बाजूने बघितलं तर चेंडू आत होता आणि मापाच्या बाजूने बघितलं तर बाहेर. त्यावर तू आणि मी जन्मभर वाद घालू शकलो असतो, मजेत. जे मी त्यापुढे बोलले त्याला दोन बाजू नाहीत. ते खोटं होतं आणि मला ते खोटं आहे हे माहीत होतं. मी चुकले. मला माफ कर.

मागच्या पत्रात रंगारी सगळं नवं करणार, रेघांसकट, असं मी लिहिलं होतं. त्याचा अर्थ आता तुझ्या लक्षात आला असेल. दीड इंच पुसून टाकायचा माझा बेत होता. कुणाला कळलं नसतं.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

बारक्या,

खालचं पत्र आज तुझ्या मोठ्या बाईंना पोस्टाने पाठवलं. तुझ्या माहितीसाठी नक्कल. भाषा तुझ्या ऑफिसला शोभेल अशी करायचा प्रयत्न केलाय, हसू नकोस.

"माननीय बाईसाहेब, यांस सप्रेम नमस्कार. सव्वा वर्षापूर्वी आपण आमच्या परसात पिकलबॉल खेळायला आला होतात. त्या दिवशी मी माझ्या भावाच्या नोकरीतल्या सचोटीबद्दल आपल्यासमोर जे बोलले ते सपशेल खोटं होतं आणि रागाच्या भरात बोललेलं होतं. वादाच्या रेघेचं मोजमाप स्टीलच्या टेपने दोन वेळा केलं असता ती दीड इंच बाहेर आढळली. चूक माझी आहे, कारण रेघ मी आखली होती. माझ्या भावाने ती नुसत्या नजरेने ओळखली होती. तो निवृत्त होण्याआधी हे आपल्या कानावर घालणं माझं काम होतं. आपण रागावला असाल तर माझ्यावर रागवावं. खेळायला मात्र परत यावं, आपला सर्व्ह चांगला आहे. आपली, ताई (निवृत्त, शिवणकाम)."

डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "दीड इंच? दातात एवढी चूक केली असती तर मी गालातून बाहेर आलो असतो." बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला बोललं, बरं वाटलं.

तुझी ताई

२ मार्च

बारक्या,

तुझ्याकडून काही नाही. पोस्टमन आता फाटकापाशी आला की लांबूनच मान हलवतो, म्हणजे मला उठायचे कष्ट नकोत. बाईंचं उत्तर आलं. छापील कागदावर दोनच ओळी आहेत, "आपल्या भावाबद्दल आम्हाला कधीच शंका नव्हती. सर्व्हबद्दल आभारी आहे." म्हणजे शंका कुणालाच नव्हती. बोलणारी मी एकटीच होते. जीव भांड्यात पडला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

कोर्ट रंगवून झालं. पण रंगाऱ्याचं आणि माझं वाजलं. उजव्या बाजूची एक हातभर रुंद पट्टी मी त्याला रंगवू दिली नाही. जुना रंग, जुनी रेघ, सगळं आहे तसं. तो म्हणाला, "बाई, नव्या शर्टाला जुनी बाही लावताय. लोक मला नावं ठेवतील." मी म्हटलं, नावं मला ठेवू देत. मग म्हणाला, "बरं, रेघ तरी नवी आखतो, जागा सांगा." मी म्हटलं, ती जागा मी सांगायची नाही. ती सांगणारा माणूस यायचाय. "कधी येणार?" म्हणाला. मी त्याला चहा दिला.

मला दहा फूट मोजता येतात, बारक्या, आता तर डोळे मिटूनही येतील. पण एकदा तू माझं माप न तपासता पुढे गेलास आणि त्याचं मी काय केलं ते आपण बघितलं. तेव्हा या वेळी तू मोजावंस आणि मी बाजूला उभं राहावं असं मला वाटतं. नाही आलास तर ती बाजू तशीच राहील.

डॉक्टर आणि मंडळी ती जुनी रेघ धरत नाहीत, तीन रेघांवर खेळतात. उजवीकडे चेंडू पडला की सगळे एकमेकांची तोंडं बघतात आणि गुण परत खेळतात. काल एक डाव दोन तास चालला. कुणी भांडलं नाही. मला हे मोठं विचित्र वाटतंय, की रेघ नसली की माणसं इतकी सभ्य कशी होतात?

डबकं गेलं. भिजवून तासभर थांबले, तिन्ही नाणी ठेवली, तिन्ही कोरडी. हे तुला आवडेल म्हणून सांगितलं.

तुझी ताई

९ मार्च

बारक्या,

आज सकाळी मी सामान आणायला गेले होते. तासा-दीड तासाने परत आले तर मागचं छोटं फाटक नुसतं लोटलेलं. किल्ली तिघांकडेच आहे, एक माझी, एक डॉक्टरांची, आणि एक तू कधी परत न केलेली.

मी पिशव्या पायरीवर टाकल्या आणि कोर्टावर गेले. रंगाऱ्याने न रंगवलेल्या पट्टीत, जुन्या रेघेच्या आतून, घराकडून टाकीकडे एक नवी रेघ गेली होती. खडूची. माझ्याच शिवणाच्या डब्यातल्या निळ्या खडूची, म्हणजे तू खिडकीतून हात घालून डबाही उघडलास. दहा फूट, मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

मग दोन रेघांमधली ती चिंचोळी जागा दिसली. टाकीकडे दीड इंच, आणि घराकडे येता येता निमुळती होत संपलेली. त्यात बटणं काढलेली होती. नऊ बटणं, प्रत्येकाला चार भोकं. पहिलं कोटाच्या बटणाएवढं, मग शर्टाच्या, मग बाहीच्या, आणि शेवटचं बाळाच्या झबल्याला लावतात तेवढं. जागा जशी अरुंद होते तशी तू त्यांची मापं कमी करत नेलीयस. मी खाली बसून एकेक बघितलं. वरची दोन भोकं आणि खालची दोन भोकं अगदी समोरासमोर. बारक्या, मी हसत होते आणि खडूवर पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला करत होते.

डॉक्टर कुंपणापलीकडून म्हणाले, "तासभर उकिडवे बसले होते तुमचे बंधुराज. मी विचारलं, काय चाललंय, तर म्हणाले, सरकारी तपासणी. चहा विचारला तर म्हणाले, आणलाय."

रंगारी उद्या येतोय. तुझ्या रेघेवर तो पांढरा रंग देईल. बटणांवर मी त्याला पाय ठेवू देणार नाही. त्यांच्यावर पारदर्शक थर देता येतो का ते विचारीन, नाहीच जमलं तर दर सोमवारी झाडून झालं की नव्याने काढीन. चार भोकं असलेली, मला येतात.

जाळीच्या खांबाला थर्मासची पिशवी लटकत होती. थर्मास नाही, नुसती पिशवी, आणि आत तो पिवळ्या डब्यातला टेप. मला आधी वाटलं विसरलास. मग पाहिलं तर पिशवीचा बंद तुटलेला होता. गाठ मारून मारून बरेच दिवस चालवलेला दिसतोय, पण दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतला नाहीस.

मी लगेच मशीनवर बसले. बंद शिवून तयार आहे. रविवारी ये आणि घेऊन जा, बॅट तू ठेवलीस तिथेच आहे. लांबी बघून कटकट करू नकोस. दीड इंच जास्त ठेवलाय, आणि या वेळी मोजून.

तुझी ताई